७३ नंबरचे पाय

आम्ही २००७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला लागून असलेल्या पार्मा गावात राहायला आलो. पहिल्याच रविवारी दुपारी शेजारच्या गॅरेजमधून असा आरडाओरडा ऐकू आला, की मला वाटलं कुणाच्या तरी पायावर काहीतरी पडलं. धावत गेले, तर सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसून टीव्हीला शिव्या देत होते. क्लीव्हलंड ब्राउन्स नावाचा त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ पिट्सबर्गकडून ३४-७ असा मार खात होता. मला बघून ओशाळले आणि दुसरी खुर्ची उघडून पुढे केली. दोन दिवसांनी कुंपणापाशी बोलावून त्यांनी बातमी दिली, की ज्यानं तो सामना सुरू केला तो क्वार्टरबॅक, चार्ली फ्राय, सिएटलला देऊन टाकला. ठरलेलं लग्न मोडल्यासारखा चेहरा होता. क्वार्टरबॅक म्हणजे काय हेच मला तोवर माहीत नव्हतं. मी आपलं "अरेरे" म्हटलं.

माझ्या मुलीनं आठवड्याभरात त्यांना 'आजोबा' करून टाकलं, तेच नाव इथे चालवते. आजोबांची उभी हयात मोटारीचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर गेली होती. डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. रविवारी दुपारी एक वाजला की गॅरेजचं दार वर जायचं. नवऱ्याला या खेळात काडीचा रस नव्हता आणि मलाही सुरुवातीला तो एस्टी स्टँडवर गाडी लागल्यावरच्या रेटारेटीसारखा दिसायचा. चेंडू कुठे आहे तेच कळायचं नाही. कळेपर्यंत शिट्टी वाजलेली असायची.

तेव्हा आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली. चेंडूकडे बघू नकोस, चेंडूकडे सगळेच बघतात. तू ७३ कडे बघ.

नियम इथे सांगत बसत नाही, एवढंच पुरे की प्रत्येक डाव काही सेकंदांचा असतो. मधोमध वाकलेला सेंटर आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्याला स्नॅप म्हणतात. चेंडू घेणारा क्वार्टरबॅक पुढे कुणाला तरी फेकण्यासाठी माणूस शोधत असतो, आणि त्याला तसं शोधू न देता आडवा करण्यासाठी समोरून चार-पाच धिप्पाड माणसं सुटलेली असतात. मध्ये पाच जण उभे असतात. सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. यांना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. नावात आक्रमण आहे, पण काम सगळं अडवण्याचं. यांच्या पाठीवर ५० ते ७९ मधले आकडे असतात, आणि त्या आकड्यांच्या माणसानं पंचांना आधी सांगितल्याशिवाय पुढे फेकलेला चेंडू झेलायचासुद्धा नसतो. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. यांनी काय केलं ते लिहायला स्कोअरकार्डात रकानाच नाही. मैदानावरच्या लाउडस्पीकरवर यांचा नंबर पुकारला जातो तो चूक झाली की. होल्डिंग, नंबर अमुक, दहा यार्ड मागे.

उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना उजवीकडे वळलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूनं काय येतंय ते त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूला जो उभा असतो तो लेफ्ट टॅकल. ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल होता जो थॉमस. सहा फूट सहा इंच, वजन सुमारे १४० किलो, नंबर ७३. आम्ही आलो त्याच हंगामात तोही नवा आला होता, हे मला फार नंतर लक्षात आलं.

मी त्याच्याकडे बघायला लागले आणि पहिल्यांदा बघितले ते त्याचे पाय. यात माझी हुशारी काही नाही. मला पायच बघायची सवय आहे.

माझा मामा कोल्हापुरात तालमीत होता. आजीनं दिलेली दुधाची किटली घेऊन संध्याकाळी मला तिथं पाठवायचे. तालमीत मुलींना आत सोडत नसत, आणि मामाची मेहनत संपेपर्यंत किटली दारात ठेवून येण्याचीही सोय नव्हती, कारण गल्लीत मांजरं. मग मी पायरीवर बसून राहायचे. त्या जुन्या दाराची खालची फळी कुजून वीतभर फट पडली होती. पायरीवर बसून मान वाकडी केली की त्या फटीतून हौदा दिसायचा. हौदा म्हणजे काय, तांबडी माती आणि त्यावर नाचणारे पाय. गुडघ्याच्या वरचं काहीच दिसायचं नाही. ताक, हळद, तेल जिरलेल्या मातीचा वास यायचा, छातीवर छाती आदळल्याचा आवाज यायचा, वस्ताद कुणावर तरी खेकसलेले ऐकू यायचे. दिसायचे मात्र पायच. वर्षभरात मी पायांवरून पैलवान ओळखायला लागले. मामाचा डावा अंगठा खडाखडीत मातीत रुतायचा. तो उचलला गेला की पुढच्या क्षणी मामा तरी खाली नाहीतर समोरचा तरी. एकदा जेवताना मी हे मामाला सांगितलं तर तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "हे तुला कुणी सांगितलं गं?" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून अंगठा उचलायचा थांबला असं मात्र नाही.

तर ७३ चे पाय. स्नॅप होण्याआधी तो एक हात जमिनीला टेकवून नाहीतर गुडघ्यांत वाकून बसलेला असायचा, बैठकीच्या अर्ध्यावर थांबल्यासारखा. चेंडू हलला की डावा पाय मागे आणि बाहेर जायचा, उजवा जमिनीला जवळजवळ घासत त्याच्या मागे. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पाय एकमेकांवरून कधी ओलांडायचे नाहीत. एकशे चाळीस किलोचा माणूस उलट्या दिशेनं, तिरपा, मागे न बघता सरकतोय आणि समोरून त्याच्याहून हलका, त्याच्याहून वेगवान गडी पूर्ण धावत येतोय. अंगाचा भार आतल्या पायावर, कारण आतून वाट दिली तर क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर सगळ्यात कमी. बाहेरून गेला तर जाऊ दे, त्याला लांबचा वळसा पडेल, तेवढ्यात चेंडू सुटलेला असेल. हा सगळा हिशेब अडीच-तीन सेकंदांचा.

आणि हात. हातांनी अडवायचं, पण धरायचं नाही. समोरच्याच्या छातीच्या चौकटीत पंजे ठेवून रेटता येतं, बाहेर कुठे कापड मुठीत आलेलं पंचाला दिसलं की होल्डिंग. म्हणजे कुस्तीतली खडाखडी तेवढी ठेवायची आणि पुढची कुस्ती काढून टाकायची. थॉमसची गंमत अशी की तो दर वेळी तसाच मागे सरकायचा नाही. तीनदा खोल मागे जायचा आणि चौथ्यांदा स्नॅप होताच एकदम पुढे उडी मारून समोरच्याला त्याच्याच दारात गाठायचा. येणाऱ्याचा ताल चुकायचा. डाव्या अंगठ्याकडे बघून मला यातलं काहीच आधी ओळखता यायचं नाही. याचा मला जरा रागच यायचा.

एखाद्या डावात त्याच्या बाजूला काहीच घडायचं नाही. माणूस यायचा, अडायचा, शिट्टी वाजायची. कॅमेरा तोवर चेंडूबरोबर लांब गेलेला असायचा. आजोबा मात्र त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून, जेवणात मीठ बरोबर पडल्यावर माणूस करतो तेवढाच आवाज करायचे. "हं."

थॉमस विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्डचा. मॅडिसनच्या विद्यापीठाकडून खेळताना, २००६ च्या जानेवारीत, बचाव फळीत माणसं कमी पडली म्हणून त्याला पलीकडच्या बाजूनं उतरवलं आणि तिथे त्याच्या गुडघ्याचा मुख्य लिगामेंट तुटला. एवढं होऊनही तो परत उभा राहिला आणि त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी घेऊन गेला. एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, कॉलेजच्या मुलांची निवड होते तो दिवस म्हणजे मोठा सोहळा. न्यूयॉर्कमध्ये सूट घालून, आईवडिलांना शेजारी बसवून मुलं नाव पुकारण्याची वाट बघतात. थॉमसलाही बोलावणं होतं. तो गेला नाही. २८ एप्रिल २००७ ला तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात बोटीवर मासे पकडत होता. ब्राउन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं ते त्याला बोटीवरच कळलं. त्याच दिवशी बाविसाव्या क्रमांकावर ब्राउन्सनी ब्रेडी क्विन नावाचा क्वार्टरबॅकही घेतला, आणि गावात चर्चा झाली ती क्विनची.

पहिलं वर्ष छान गेलं. फ्रायला घालवल्यावर डेरेक अँडरसन आला आणि संघानं सोळापैकी दहा सामने जिंकले. तरी बाद फेरी थोडक्यात हुकली. आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष आलंच नाही असं म्हणावं लागेल. थॉमसच्या उरलेल्या दहा हंगामांत ब्राउन्सनी एकदाही हरलेल्यांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. त्याच्या अकरा वर्षांत मुख्य प्रशिक्षक सहा झाले. आणि सामना सुरू करणारे क्वार्टरबॅक झाले वीस. फ्राय, अँडरसन, क्विन, डॉर्सी, ग्रॅडकाउस्की... आजोबा ही यादी आम्ही भीमरूपी म्हणतो तशी एका दमात म्हणायचे आणि मनझेलपाशी अडखळायचे. शहरात एका खिडकीत एक जर्सी टांगलेली होती, त्यावर एकेका क्वार्टरबॅकचं नाव चिकटपट्टीवर लिहून आधीचं खोडत खाली लावत नेलेलं. जर्सी पुरेनाशी झाली. या वीसही जणांच्या न दिसणाऱ्या बाजूला एकच माणूस उभा होता. प्रत्येकाची उंची वेगळी, कोण चेंडू हातात जास्त वेळ धरतो, कोण घाबरून स्वतःच पळत सुटतो, आणि पळताना ज्या बाजूला लाइनमनची पाठ आहे तिकडेच जातो. थॉमसला मागे बघता यायचं नाही. मागचा माणूस कुठे आहे ते समोरच्या येणाऱ्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं, असं आजोबांचं म्हणणं. ते खरं की आजोबांचं, मला सांगता येणार नाही.

२०१५ मध्ये त्याला डेन्व्हरला देण्याची बोलणी शेवटच्या तासापर्यंत चालली आणि फिसकटली. डेन्व्हरनं त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. इथे लोक हळहळले. मला मात्र इमानदारीच्या गोष्टीत फारसं मन रमवता येत नाही. तो राहिला कारण सौदा झाला नाही. नंतर तो कुरकुरला नाही, एवढं खरं.

पण एक आकडा आहे आणि तो सांगायलाच हवा. दहा हजार तीनशे त्रेसष्ट. पहिल्या सामन्याच्या पहिल्या स्नॅपपासून थॉमस एकही स्नॅप चुकला नाही. एनएफएलमध्ये १९९९ पासून स्नॅप मोजतात, तेव्हापासून इतके सलग स्नॅप कुणी खेळलेला नाही. सामना हातातून गेलाय, तीस गुणांनी मागे आहेत, बाकीचे मुख्य खेळाडू बाकावर बसून टोपी घालून पाणी पिताहेत, तरी हा उभा. लागोपाठ दहा वर्षं त्याला प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडलं गेलं. मला हा आकडा अभिमानानं सांगताना दर वेळी किंचित अपराधी वाटतं. कारण इतकी वर्षं काहीच दुखत नाही असं कुणाचंच नसतं. दुखत होतं. गुडघे दुखत होते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तो सरावालाही नीट उतरू शकत नसे. आम्ही गॅरेजमध्ये बसून टाळ्या वाजवत होतो.

खाण्याचं तर वेगळंच. थॉमसनं निवृत्तीनंतर मुलाखतींतून सांगितलं की ते वजन त्याचं स्वतःचं नव्हतंच, ते राखावं लागायचं. दर दोन तासांनी खायचं, भूक असो नसो. जेवणावर पिझ्झा, झोपायच्या आधी आइस्क्रीम आणि बिस्किटांचा अख्खा पुडा. मी हे वाचलं तेव्हा मला मामाचा खुराक आठवला. थंडाईसाठी बदाम वाटायचं काम माझ्याकडे असायचं, पाट्यावर. दूध, तूप, बदाम, मटणाचा रस्सा. मामी नंतर म्हणायची, मेहनत सुटली पण खुराक सुटला नाही. कुस्ती सोडल्यावर चार वर्षांत मामा दारातून आडवा जाऊ लागला. फुटलेले कान आणि सुटलेलं पोट, कोल्हापुरात अशी माणसं कट्ट्या-कट्ट्यावर दिसतात. शेवटी जिना चढता येईना म्हणून त्याची खाट खालच्या सोप्यात आणली.

थॉमसनं उलटं केलं. खेळ थांबवला आणि महिन्यांत पन्नासेक पौंड उतरवले. त्याचे नंतरचे फोटो बघून लोकांनी ओळखलं नाही. चेहऱ्याला हाडं होती, हे पहिल्यांदा दिसलं.

त्याच विस्कॉन्सिनचा, त्याच विद्यापीठातून गेलेला आणखी एक लाइनमन होता. माइक वेबस्टर. पिट्सबर्गचा सेंटर, म्हणजे आजोबांच्या भाषेत शत्रूच, पण त्याचं नाव ते वेगळ्या आवाजात घ्यायचे. १९७४ पासून सतरा हंगाम, चार सुपर बोल. बर्फात बाह्या वर दुमडून उघड्या दंडांनी खेळायचा. १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात, गेला. तोवर त्याला धड घर उरलं नव्हतं, काही रात्री तो आपल्या गाडीतच झोपायचा. २४ सप्टेंबर २००२ ला, पन्नासाव्या वर्षी, तो गेला. पिट्सबर्गमध्ये त्याचं शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू नायजेरियातून आलेले. त्यांना फुटबॉलचं काही सोयरसुतक नव्हतं. बाहेरून मेंदू ठीक दिसत होता, तरी त्यांनी तो तपासणीसाठी ठेवून घेतला. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा सीटीई नावाचा बिघाड एनएफएलच्या खेळाडूत पहिल्यांदा सापडला तो तिथे. २००५ मध्ये ते छापून आलं आणि लीगनं आधी ते झटकून टाकायचाच प्रयत्न केला.

सेंटर काय, टॅकल काय, दर स्नॅपला डोकं कुठे ना कुठे लागतंच. मोठी टक्कर नसते, त्यामुळे कुणी धावत मैदानात येत नाही. ठक्. पुन्हा चाळीस सेकंदांत ठक्. आता ते दहा हजार तीनशे त्रेसष्ट पुन्हा वाचा.

थॉमसला हे ठाऊक होतं. २०१७ मध्ये, अजून खेळत असतानाच, तो एका मुलाखतीत म्हणाला होता की आपल्याला गोष्टी आठवेनाशा झाल्यात, दुकानात गेल्यावर काय घ्यायला आलो ते विसरायला होतं, आणि याला खेळ जबाबदार की वय ते सांगता येत नाही. आजोबांनी ते वाचून पेपर घडी घालून ठेवला. "मीपण विसरतो," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मी बहात्तरचा होतो तेव्हा."

२२ ऑक्टोबर २०१७. टेनेसीविरुद्ध घरचा सामना. दोन्ही बाजूंनी एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू पार पलीकडच्या टोकापर्यंत कुणी नेलाच नाही, नुसत्या किका. अतिशय कंटाळवाणा सामना होता हे प्रामाणिकपणे सांगते. मी मोबाइलवर भावाशी बोलत होते. तिसऱ्या सत्रात एका साध्या पळण्याच्या डावात थॉमस खाली बसला. नुसता बसला, एका गुडघ्यावर. डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला होता. तो हात सावरत चालत बाहेर गेला आणि त्याच्या जागी स्पेन्सर ड्रँगो नावाचा पोरगा आला. मैदानातले लोक उभे राहिले. आमच्या गॅरेजमध्ये कुणी काही बोललं नाही. पुढचा स्नॅप झाला आणि त्या कोपऱ्यात दुसरेच पाय होते. मी बघितलं. डाव्या पायानंतर उजवा जरा उशिरा येत होता. पोरगा चांगलाच होता, पण उशिरा येत होता. जादा वेळेत ब्राउन्स १२-९ असे हरले.

त्या हंगामात ते सगळेच सामने हरले. सोळापैकी सोळा. मग ६ जानेवारी २०१८ ला क्लीव्हलंडकरांनी मिरवणूक काढली, हरल्याची. गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक स्टेडियमला प्रदक्षिणा घालत होते, म्हणजे वरून बघितलं तर शून्य दिसावं. मिरवणुकीच्या वर्गणीतून उरलेले पैसे भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला दिले. मी गेले होते. आजोबांना थंडीत नेलं नाही म्हणून ते आठवडाभर माझ्यावर रुसले. माझ्या पुढे एक बाई ब्राउन्सच्या चाहत्यांचा नेहमीचा कुत्र्याचा मुखवटा घालून चालत होती, हातात प्लॅस्टिकचं भलं मोठं हाड. विठ्ठल मंदिराभोवती चालल्यासारखं वाटलं की नाही ते आता आठवत नाही, तेव्हा फक्त पायांची बोटं बधिर झाल्याचं आठवतंय. मार्चमध्ये थॉमसनं निवृत्ती जाहीर केली. एकही बाद फेरीचा सामना न खेळता.

बाद फेरी आली ती तीन वर्षांनी, तो घरी बसल्यावर. १० जानेवारी २०२१, कोरोनाचा काळ, पिट्सबर्गच्या मैदानात, रात्री. आजोबा तोवर मुलीकडे राहायला गेले होते, आम्ही फोन स्पीकरवर ठेवून बघत होतो. त्यांच्याकडचं चित्र आमच्याआधी काही सेकंद पोहोचायचं, त्यामुळे सामन्याच्या पहिल्याच स्नॅपला मला आधी त्यांची किंकाळी ऐकू आली आणि मग दिसलं. पिट्सबर्गचा सेंटर मॉर्किस पाउन्सी. २०१० पासून तिथे, वेबस्टरच्याच जागेवर, नऊ वेळा प्रो बोल. त्यानं दिलेला चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून उडून मागे गेला, लोळत लोळत त्यांच्याच हद्दीत, आणि ब्राउन्सच्या गड्यानं त्यावर झेप टाकली. चौदा सेकंदांत गुण. दहा वर्षं तो माणूस रोज तेच एक काम करत आला होता आणि त्या रात्री सगळ्या देशानं त्याचे हात पहिल्यांदा बघितले. पहिलं सत्र संपलं तेव्हा २८-० होते. सामन्यानंतर पाउन्सी बाकावर क्वार्टरबॅकशेजारी बसून होता. महिन्याभरानं तो निवृत्त झाला.

आमच्या बाजूची गंमत आणखी वेगळी. जोएल बिटोनिओ हा डावा गार्ड, थॉमसच्या शेजारी चार वर्षं खेळलेला, २०१४ पासून हरण्यात मुरलेला. संघ बाद फेरीत पोहोचला आणि याला कोरोना झाला, म्हणून घरी. त्याच्या जागी आलेल्या मायकेल डनलाही लागलं. मग आला ब्लेक हान्स. आठवड्यापूर्वीच दुसऱ्या संघाच्या राखीव मुलांतून उचललेला. सामना ४८-३७ असा जिंकल्यावर क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड म्हणाला, ब्लेक नावाचा एक जण आहे, त्याची माझी ओळखच आज सामन्याआधी ड्रेसिंगरूममध्ये झाली.

आजोबा फोनवर खोकेपर्यंत हसले. "बघितलंस? ओळख करून घेतली तरी!"

त्या उन्हाळ्यात ते गेले.

२०२३ मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, थॉमस हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते आहे कँटनमध्ये, आमच्या घरापासून दक्षिणेला तासाभरावर. ऑगस्टचा सोहळा टाळून मी सप्टेंबरातल्या एका साध्या दिवशी गेले, मुलगी कॉलेजातून आली होती तिला घेऊन. आत एक अंधारलेला दालनभर कोनाडा आहे. तिथे ब्राँझची मुंडकी ओळीनं मांडलेली आहेत, एकेकावर खालून-वरून पिवळा उजेड. खांद्यांपर्यंतच. वेबस्टर सापडला. थॉमसही सापडला, दाढी, रुंद कपाळ, जरासा हसरा. घडवणाऱ्यानं हुबेहूब केलंय. मुलीनं फोटो काढला. मी उगीच पुढे जाऊन वाकले आणि फळीच्या खाली बघितलं. खाली पितळेची पट्टी, तिच्याखाली लाकूड, मग गालिचा.

तिथे फिरणाऱ्या एका वयस्कर स्वयंसेवकानं मला वाकलेलं बघितलं आणि जवळ येऊन अदबीनं विचारलं, काही पडलं का तुमचं?

नाही, म्हटलं. काही नाही.